गोयाचा वेलिंग्टन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या या लहानशा तैलचित्राबद्दल मराठी वाचकांचे प्रश्न येतात ते दोनच गोष्टींवर: निम्मे चोरीबद्दल, निम्मे १८०३ मध्ये मराठ्यांविरुद्ध झालेल्या असईच्या लढाईबद्दल. मधल्या मध्ये चित्र राहून जातं. म्हणून इथे आधी चित्र, मग छातीवरची पदकं, मग आपल्याकडचा इतिहास आणि त्यानंतर चोरी, असा क्रम ठेवला आहे. ज्यांना फक्त चोरीच वाचायची आहे त्यांनी खुशाल प्रश्न १५ पासून सुरुवात करावी.

१. हे चित्र नेमकं कोणाचं आहे, कोणी काढलं आणि कधी?

आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जगाला माहीत झालेला ब्रिटिश सेनापती. चित्रकार फ्रान्सिस्को गोया, स्पेनच्या राजदरबाराचा चित्रकार. काम १८१२ च्या ऑगस्टमध्ये माद्रिदमध्ये सुरू झालं आणि १८१४ मध्ये त्यात बदल झाले (ते बदल कोणते, ते प्रश्न ८ मध्ये). त्या वेळी वेलिंग्टन ४३ वर्षांचा होता आणि गोया ६६ चा. गोयाला ऐकू येत नव्हतं; १७९२-९३ च्या आजारपणात त्याची श्रवणशक्ती गेली ती कायमची. तेव्हा समोर बसलेल्या माणसाशी त्याच्या काही गप्पा झाल्या असतील, ही शक्यता कमीच.

२२ जुलै १८१२ ला सालामांकाच्या लढाईत वेलिंग्टनने फ्रेंचांचा पराभव केला, १२ ऑगस्टला तो माद्रिदमध्ये शिरला आणि महिना संपताच पुन्हा मोहिमेवर निघाला. चित्रासाठी बसायला त्याच्याकडे जेमतेम तीन आठवडे होते, तेही सैन्याचा, शहराचा आणि सत्कारांचा सगळा व्याप सांभाळून.

२. चित्र केवढं आहे? कुठे बघायला मिळतं? तिकीट लागतं का?

६४.३ सेंटिमीटर उंच, ५२.४ सेंटिमीटर रुंद. पुस्तकात पाहून गेलेले बहुतेक जण "एवढंसंच?" म्हणतात. ट्रफाल्गर चौकातल्या नॅशनल गॅलरीचा कायमचा संग्रह बघायला तिकीट नाही. चित्रांच्या जागा बदलत असतात, शिवाय चित्र कधी दुसरीकडे प्रदर्शनालाही गेलेलं असतं. म्हणून निघण्यापूर्वी गॅलरीच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्या.

३. हा वेलस्ली म्हणजे असईचाच वेलस्ली का? की त्याचा भाऊ?

असईचाच. घोटाळा होतो कारण त्या काळात भारतात एक नाही, तीन वेलस्ली भाऊ होते. थोरला रिचर्ड गव्हर्नर जनरल, १७९८ ते १८०५. हेन्री त्याच्याबरोबर मुलकी कामात. आणि आर्थर फौजेत. शाळेच्या पुस्तकात तैनाती फौजेच्या धड्यात भेटतो तो रिचर्ड. वसईच्या तहानंतर १८०३ च्या एप्रिलमध्ये फौज घेऊन पुण्यात आला, दुसऱ्या बाजीरावाला पुन्हा गादीवर बसवलं, ऑगस्टमध्ये अहमदनगरचा (आताच्या अहिल्यानगरचा) किल्ला घेतला, २३ सप्टेंबरला असई, २९ नोव्हेंबरला अडगाव आणि १५ डिसेंबरला गाविलगड घेतला, तो आर्थर. या चित्रातला हाच.

४. चित्राखाली "ड्यूक" लिहिलंय, पण १८१२ मध्ये तो ड्यूक कुठे होता?

बरोबर पकडलंत. गोयापुढे बसला तेव्हा तो अर्ल होता. त्याच ऑगस्टमध्ये मार्क्विस झाला. फील्ड मार्शल झाला १८१३ मध्ये, व्हितोरियाच्या विजयानंतर. ड्यूक मे १८१४ मध्ये. संग्रहालयं माणसाला त्याच्या शेवटच्या, सर्वांत ओळखीच्या किताबाने नोंदवतात, म्हणून पाटीवर ड्यूक. वॉटर्लू तर १८१५ ची. म्हणजे ज्या लढाईमुळे बहुतेकांना हे नाव माहीत आहे, ती लढाई या चित्रातल्या माणसाच्या अजून वाट्यालाच आलेली नाही.

५. एवढा जिंकलेला सेनापती, मग चेहरा असा दमलेला का?

कारण तो दमलेलाच होता, आणि गोयाने ते लपवलं नाही. चार वर्षं पोर्तुगाल-स्पेनमध्ये लढून, उन्हाळी मोहिमेतून तो सरळ माद्रिदला आला होता. डोळे मोठे, ताणलेले, आपल्यावर रोखलेले. ओठ किंचित विलग आहेत आणि वरचे दात दिसतात. अधिकाऱ्यांच्या औपचारिक चित्रात दात सहसा दाखवत नाहीत. ओठ मिटवून, हनुवटी उचलून बसायची रीत. इथे ते सगळं बाजूला ठेवलं आहे.

तुलना करायची असेल तर लंडनमध्येच सर थॉमस लॉरेन्सने काढलेला वेलिंग्टन बघा. हाताची घडी, लाल पोशाख, ताठ मान, एखाद्या स्मारकासाठी काढल्यासारखा. लॉरेन्सचा वेलिंग्टन स्वतः वेलिंग्टनला आवडेल असा आहे. गोयाचा वेलिंग्टन तंबूतून नुकताच बाहेर आला आहे, कोणीतरी घाईने त्याच्या अंगावर दरबारी पोशाख चढवला आहे. माझं मत विचाराल तर चित्राचं सगळं बळ या विसंगतीत आहे: मानेखाली समारंभ चालू आहे आणि मानेवरचा माणूस त्यात नाही.

६. छातीवर इतकं काय काय लावलं आहे? एकेक सांगाल का?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न, म्हणून सावकाश सांगतो. वरून खाली या.

गळ्याजवळ लाल फितीला लटकलेलं सोनेरी मेंढरू दिसतं: हा ऑर्डर ऑफ द गोल्डन फ्लीस, स्पेनचा सर्वोच्च सन्मान. ऑगस्ट १८१२ मध्येच मिळाला.

त्याखाली गुलाबी-निळ्या फितीला क्रॉस आहे, तो मिलिटरी गोल्ड क्रॉस. चार लढायांची नावं क्रॉसच्या चार बाहूंवर असायची, आणि पुढच्या प्रत्येक लढाईसाठी फितीवर एक पट्टी चढायची. चित्रात अशा तीन पट्ट्या आहेत. शेवटी वेलिंग्टनच्या क्रॉसवर नऊ पट्ट्या झाल्या. तेवढ्या दुसऱ्या कोणालाही मिळाल्या नाहीत.

खांद्यावरून तिरपे येणारे दोन पट्टे. गुलाबीसर दिसतो तो ऑर्डर ऑफ द बाथचा, निळा पोर्तुगालच्या टॉवर अँड स्वोर्डचा.

आणि छातीवर तीन तारे. वरचा ऑर्डर ऑफ द बाथचा, ब्रिटिश. खालच्या दोनांपैकी आपल्या डाव्या हाताकडचा टॉवर अँड स्वोर्डचा आणि उजवीकडचा स्पेनच्या सान फर्नांदोचा. त्या काळी हे तारे बहुधा धातूचे नसत, जरीकामाने भरून कोटावर शिवलेले असत.

आता एक प्रयोग करा. चित्रासमोर हातभर अंतरावर उभे राहा आणि वरच्या ताऱ्याकडे बघा. तारा विरघळतो. उरतात ते पांढऱ्या-पिवळ्या रंगाचे जाडसर ठिपके, काही नुसते ब्रश टेकवून उचललेले, एकही रेष पूर्ण नाही. चार पावलं मागे आलात की तेच ठिपके पुन्हा चमकायला लागतात. गोयाने पदक कसं घडवलेलं असतं ते काढलंच नाही, त्यावर उजेड पडला की डोळ्याला काय दिसतं तेवढंच काढलं. चेहऱ्याचं काम मात्र अगदी वेगळं आहे, पातळ रंगात, जपून केलेलं.

७. यात असईचं पदक कोणतं?

नावाने विचाराल तर एकही नाही. गोल्ड क्रॉस ज्या लढायांसाठी मिळाला त्यांत भारतातली एकही नव्हती. म्हणून अनेक जण लिहितात की "आपली लढाई त्याच्या छातीवर नाहीच."

पण आहे. वरचा तारा बघा, ऑर्डर ऑफ द बाथचा. हा सन्मान आर्थर वेलस्लीला सप्टेंबर १८०४ मध्ये दिला गेला, तो भारतात असताना, मराठ्यांविरुद्धच्या मोहिमेतल्या कामगिरीसाठी. तेव्हा तो स्पेनला कधी गेलाही नव्हता. म्हणजे या चित्रातल्या तीन ताऱ्यांपैकी सर्वांत वर बसवलेला तारा जालना जिल्ह्यातल्या असईत, अकोल्याकडच्या अडगावात आणि चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडावर मिळवलेला आहे. गुलाबी पट्टाही त्याच सन्मानाचा. पाटीवर हे लिहिलेलं नसतं, आणि इंग्लंडमधल्या प्रेक्षकाला तसं काही जाणवण्याचं कारणही नाही. आपल्याला मात्र ते दिसायला हवं, असं मला फार वाटतं.

तो तारा किती महाग पडला तेही सांगतो. असईला केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात शिंदे आणि नागपूरकर भोसले यांची फौज होती. शिंद्यांच्या कवायती पायदळाचं नेतृत्व पोलमन या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याकडे होतं. नदी ओलांडायला उतार नाही असं वाटाडे सांगत होते. समोरासमोरच्या काठांवर पिंपळगाव आणि वारूड ही दोन गावं दिसली, त्यावरून वेलस्लीने ताडलं की येण्याजाण्याची वाट असणारच. वाट होती. पण पलीकडे शिंद्यांच्या तोफा इतक्या शिताफीने चालत होत्या की त्याचे सुमारे १,६०० लोक मेले किंवा जखमी झाले. त्याच्या स्वतःखालचा एक घोडा मेला, दुसऱ्याला भाला लागला. शेवटी ९८ तोफा त्याच्या हाती आल्या. पुढे आयुष्याच्या उत्तरार्धात सर्वांत चांगली लढलेली लढाई कोणती असं विचारल्यावर त्याने वॉटर्लू न सांगता असई सांगितलं, हे अनेक चरित्रांत येतं.

लढलेल्या शिपायांना काय मिळालं, ते प्रश्न २१ मध्ये.

८. पदकं नंतर रंगवली असं वाचलं. मग चित्र खोटं का?

खोटं नाही, चित्र दोन तारखांचं आहे. १८१२ मध्ये वेलिंग्टनला जे सन्मान होते त्याप्रमाणे गोयाने काढलं. मग नवे मिळाले आणि १८१४ मध्ये, वेलिंग्टन पुन्हा माद्रिदला आला त्या सुमारास, गळ्यातलं गोल्डन फ्लीस आणि गोल्ड क्रॉस चढवले गेले. आधी तिथे दुसरं पदक होतं. चेहरा १८१२ चा, दागिने १८१४ चे.

गोयाला याची सवय होती. त्याच्याच 'माद्रिद शहराचं रूपक' या १८१० च्या चित्रात एक गोल पदक आहे. त्यात आधी जोसेफ बोनापार्टचा, म्हणजे नेपोलियनने स्पेनच्या गादीवर बसवलेल्या त्याच्या भावाचा, चेहरा होता. फ्रेंच गेले, चेहरा पुसला, "संविधान" लिहिलं. फ्रेंच परत आले, चेहरा परत. पुन्हा गेले, पुन्हा बदल. आज तिथे "दोन मे" अशी अक्षरं आहेत, १८०८ च्या उठावाची. खुद्द गोयालाही जोसेफच्या सरकारने १८११ मध्ये सन्मान दिला होता, आणि युद्ध संपल्यावर त्याची चौकशी होऊन तो निर्दोष सुटला. राजवट बदलली की छातीवरचं काय बदलावं लागतं, हे त्याला पुरेपूर माहीत होतं.

९. कॅनव्हासऐवजी लाकडावर का काढलं आहे?

चित्र महोगनी लाकडाच्या फळीवर आहे. गोयाची बहुतेक मोठी व्यक्तिचित्रं कॅनव्हासवर आहेत, त्यामुळे हे वेगळं उठून दिसतं. फळीचा परिणाम स्पष्ट आहे: कापडाची वीण मध्ये येत नाही, ब्रशचा प्रत्येक फटका जसाच्या तसा राहतो. प्रश्न ६ मधला ताऱ्याचा प्रयोग कॅनव्हासवर इतका साधला नसता.

१०. गोयाने वेलिंग्टनला आणखी कितीदा काढलं?

लाल खडूतलं एक रेखाचित्र ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात चेहरा इथल्यापेक्षाही जास्त ओढलेला दिसतो. चित्र आधी की रेखाचित्र आधी यावर अभ्यासकांचं एकमत नाही. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतही वेलिंग्टनचं एक अर्धाकृती चित्र आहे.

आणि एक भलंमोठं, घोड्यावरचं, लंडनच्या अ‍ॅप्सली हाउसमध्ये. हे वेलिंग्टनचं राहतं घर, हाइड पार्कच्या कोपऱ्यावर. तिथे तिकीट आहे. घोड्यावरचं चित्र क्ष-किरणाखाली तपासलं तेव्हा खाली दुसराच स्वार निघाला. तो जोसेफ बोनापार्ट असावा असं काहींचं म्हणणं, तर काहींच्या मते गोदॉय हा स्पॅनिश मंत्री. घाईच्या दिवसांत तयार घोड्यावर नवा स्वार बसवला, एवढं नक्की. चित्र म्हणून ते फसलेलं आहे; डोकं आणि धड एकमेकांना ओळखत नाहीत. तरीही अ‍ॅप्सली हाउसला जा, कारण असईच्या मोहिमेतल्या अधिकाऱ्यांनी वेलस्लीला भेट दिलेला, 'डेक्कन सर्व्हिस' नावाचा सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीच्या भांड्यांचा संच तिथेच आहे.

११. चित्रावरून भांडण होऊन गोयाने वेलिंग्टनवर पिस्तूल रोखलं होतं, हे खरं का?

दंतकथा. गोयाच्या मृत्यूनंतर पसरली, त्या काळातला पुरावा नाही. वाचायला मजा येते, म्हणून टिकली आहे.

१२. वेलस्ली भारतात असतानाचं त्याचं एखादं चित्र आहे का?

आहे. रॉबर्ट होम या चित्रकाराने १८०४ मध्ये काढलेलं, लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत. होम तेव्हा कोलकात्यात काम करत होता आणि वेलस्ली त्या वर्षी तिकडे गेला होता. म्हणजे असईनंतर वर्षाच्या आतबाहेरचा चेहरा. दोन्ही गॅलऱ्या एकमेकींना लागून आहेत, चालत दोन-तीन मिनिटं. आधी होम बघा, मग गोया. मध्ये फक्त आठ वर्षं गेली आहेत, हे पटत नाही.

१३. मराठ्यांकडच्या कोणा सरदाराचं असं तैलचित्र झालं का?

झालं, पण असईच्या आधीच्या पिढीतलं. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत आला आणि पुण्यात ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेटच्या आश्रयाने काम करू लागला. त्याने सवाई माधवराव पेशवे आणि नाना फडणवीस यांचं एकत्र तैलचित्र काढलं. ते आता लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. महादजी शिंद्यांनाही त्याने रंगवलं. पुण्यात त्याच्या हाताखाली शिकलेल्यांपैकी गंगाराम तांबट यांचं नाव आवर्जून घ्यायला हवं. वेरूळच्या लेण्यांची त्यांची रेखाटनं आजही बघायला मिळतात. वेल्स १७९५ मध्ये वारला, महादजी त्याआधीच, १७९४ मध्ये.

एक फरक लक्षात घ्या. पेशव्याच्या चित्रात अधिकार कळतो तो बैठक, लोड, दागिने, पगडी आणि भोवतीच्या माणसांवरून. गोयाच्या चित्रात भोवती कोणी नाही, मागे काळोख, आणि सगळा अधिकार छातीवर टाचलेला. पदकांनी भरलेला गणवेश ही आपल्या दरबाराची रीत नव्हती. इथे मान खिलतीने, शिरपेचाने, हत्तीने, जहागिरीने व्हायचा.

१४. चित्र गॅलरीत आलं कसं? आधी कोणाकडे होतं?

ड्यूक ऑफ लीड्सच्या घराण्याकडे. वेलिंग्टनच्या गोतावळ्यातून ते तिकडे गेलं: रिचर्ड वेलस्लीची दुसरी बायको मॅरिअ‍ॅन आणि लीड्सच्या सातव्या ड्यूकची बायको लुइझा या सख्ख्या बहिणी, अमेरिकेतल्या केटन घराण्यातल्या. १९६१ च्या जूनमध्ये सदबीजच्या लिलावात ते अमेरिकन संग्राहक चार्ल्स राइट्समन यांनी १,४०,००० पौंडांना घेतलं. चित्र देशाबाहेर जाणार म्हणून ब्रिटनमध्ये ओरड झाली. मग वुल्फसन फाउंडेशनने १,००,००० आणि सरकारने ४०,००० घातले आणि तेवढ्याच किमतीला ते नॅशनल गॅलरीसाठी राखलं.

१५. आणि मग चोरी झाली. कशी?

२ ऑगस्ट १९६१ ला चित्र लोकांसाठी मांडलं आणि २१ ऑगस्टला गेलं. तीन आठवडेही टिकलं नाही. (पॅरिसच्या लूव्रमधून मोनालिसा गेली तीही २१ ऑगस्टलाच, १९११ मध्ये. बरोबर पन्नास वर्षं.) मागच्या बाजूच्या स्वच्छतागृहाच्या खिडकीतून येणंजाणं झालं. रखवालदारांना जागा रिकामी दिसली, पण चित्र कुठल्यातरी कामासाठी हलवलं असेल असं वाटून बराच वेळ कोणी हाकाटी केली नाही. सरकारी कचेरीत काम केलेल्या कोणालाही हे पटेल.

पुढे पत्रं येऊ लागली. मागणी अशी: १,४०,००० पौंड धर्मादाय कामाला द्या, त्यातून गरिबांच्या टीव्ही लायसन्सची फी भरा. ब्रिटनमध्ये टीव्ही बघायला दरवर्षी लायसन्स काढावं लागतं. आपल्याकडेही एकेकाळी रेडिओला पोस्टात जाऊन लायसन्स काढावं लागायचं, ते आठवणारे वाचक असतील. पैसे कोणी दिले नाहीत. १९६५ च्या मे महिन्यात एका वर्तमानपत्राकडे बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीट स्टेशनच्या सामानघराची पावती आली. पोलिसांनी पावती दाखवून सामान सोडवलं. चित्र होतं, चौकट नव्हती.

१६. चोर सापडला तरी शिक्षा फक्त चौकटीच्या चोरीची? ही थट्टा आहे का?

अजिबात नाही, हा तेव्हाच्या इंग्लिश कायद्याचा सरळ परिणाम होता. जुलै १९६५ मध्ये न्यूकॅसलचा केम्प्टन बंटन हा निवृत्त बस ड्रायव्हर आपण होऊन पोलिसांत हजर झाला. टीव्ही लायसन्स भरायला नकार दिल्याबद्दल तो आधी तुरुंगात जाऊन आलेला. खटला लंडनच्या ओल्ड बेली या फौजदारी न्यायालयात चालला, बचावाला जेरेमी हचिन्सन हे नामांकित वकील.

चोरी सिद्ध व्हायला वस्तू मालकाला कायमची अंतरावी असा हेतू लागायचा. बंटनचं म्हणणं, चित्र मला ठेवायचंच नव्हतं, परत करायचं होतं. आणि ते परत आलंही होतं. ज्यूरीने त्याला चित्राच्या चोरीतून सोडलं. चौकट मात्र परत आली नव्हती आणि ती आजतागायत सापडलेली नाही, म्हणून तेवढ्या चोरीबद्दल तीन महिने.

संसदेला ही पळवाट झोंबली. १९६८ च्या थेफ्ट अ‍ॅक्टमध्ये कलम ११ आलं: लोकांसाठी खुल्या असलेल्या संग्रहालयातून वस्तू हलवणं हाच गुन्हा, परत करायचा हेतू असो वा नसो.

१७. पण खरा चोर त्याचा मुलगा होता ना?

२०१२ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातली कागदपत्रं खुली झाली, त्यावरून तसंच दिसतं. मुलाने १९६९ मध्ये दुसऱ्या प्रकरणात पकडल्यावर ही चोरी आपणच केल्याचं सांगितलं होतं; खटला भरण्यापुरता पुरावा नाही म्हणून सरकारी वकिलांनी पुढे काही केलं नाही. साठीकडे झुकलेला धिप्पाड माणूस त्या खिडकीतून शिरलाच कसा, ही शंका पोलिसांना आधीपासून होती. केम्प्टन बंटन १९७६ मध्ये वारला.

१८. जेम्स बाँडच्या सिनेमात दिसतं ते हेच का?

हो, १९६२ च्या पहिल्या बाँडपटात. खलनायकाच्या अड्ड्यावर बाँड जिन्याजवळ थबकून बघतो ते हेच, अर्थात नक्कल. अस्सल चित्र तेव्हा बेपत्ता होतं, म्हणून तर तो विनोद.

१९. घरी लावायला प्रिंट घ्यायचा आहे. हक्कांचं काय? फोटो काढू देतात का?

गोया १८२८ मध्ये वारला, चित्रावर कोणाचाही स्वामित्वहक्क नाही. पण गॅलरीने काढलेल्या छायाचित्राच्या वापराच्या अटी वेगळ्या असतात. छापायचं असेल तर त्या वाचाव्या. गॅलरीत स्वतःसाठी बिनफ्लॅशचा फोटो काढायला चालतो. प्रिंट निवडताना गाल बघा: गाल लालबुंद दिसत असतील तर रंग भडक केले आहेत.

२०. ज्याने मराठ्यांचा पराभव केला त्याचं कौतुक आपण का करायचं?

हा प्रश्न रागानेही येतो आणि प्रामाणिकपणेही. कौतुक माणसाचं करा असं मी म्हणत नाही. अहमदनगरच्या पेठेत आणि गाविलगडावर त्याच्या फौजेने काय केलं ते वाचलं तर कौतुक करवणारही नाही. गाविलगडावरची कत्तल भयंकर होती. पण हे चित्र वेलिंग्टनची स्तुती करत नाही. ज्या गोयाने हे काढलं त्यानेच १८१४ मध्ये माद्रिदच्या नागरिकांना फ्रेंच शिपाई गोळ्या घालतानाचं 'तीन मे' रंगवलं आणि युद्धातल्या अत्याचारांची छापचित्रं कोरली. त्याला सैनिक म्हणजे काय ते माहीत होतं, कोणत्याही बाजूचा असो. इतिहासाच्या पुस्तकात वेलस्ली हे नुसतं नाव असतं. इथे माणूस दिसतो, थकलेला, सावध आणि ज्याच्यापुढे उभं राहायला फारसं आवडणार नाही असा. शत्रूला असं जवळून बघायला मिळणं ही काही वाईट संधी नाही.

२१. वेलस्लीला तारा मिळाला. असईला त्याच्या बाजूने लढलेल्या साध्या शिपायांना काय मिळालं?

त्या वेळी पदक नाहीच. काही पलटणींना 'असई' हे नाव आणि हत्तीचं चिन्ह मिरवायचा मान मिळाला. वैयक्तिक पदक आलं १८५१ मध्ये, आर्मी ऑफ इंडिया मेडल, चांदीचं. त्याच्या फितीवर असई, अडगाव, गाविलगड अशा पट्ट्या लावायची सोय होती. लढाईला तोवर ४८ वर्षं झाली होती. आणि पदक फक्त हयात असलेल्यांना, मृतांच्या वारसांना नाही. विशीत लढलेला शिपाई असला तरी तेव्हा सत्तरीकडे झुकलेला असणार. त्यामुळे असईच्या पट्टीची पदकं थोडी आहेत, त्यांतही हिंदुस्थानी शिपायांची आणखी कमी, आणि लिलावात एखादं आलंच तर चढ्या भावाने जातं. जुन्या ट्रंकेत तसं काही सापडलं तर कडेवर कोरलेलं नाव आधी वाचा, आणि पॉलिश अजिबात करू नका.